तुम्ही विचारलंत म्हणून: ग्नोम नवं आलं की एक्स्टेन्शनमधला आकडा वाढवून भागतं का?

दर मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये ग्नोमची, म्हणजे लिनक्सवरच्या एका डेस्कटॉपची, नवी आवृत्ती येते आणि पुढचा महिनाभर एकच प्रश्न फिरत राहतो. ‘माझं एक्स्टेन्शन नव्या ग्नोमवर चालू होत नाही. मेटाडेटा फायलीत नवा आकडा घातला की झालं ना?’

कधीकधी होतं. पण आकडा घालणं हे सगळ्यात शेवटचं काम आहे, आणि बहुतेक लोक सुरुवातच तिथून करतात.

(खाली फायलींची आणि आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची, हे सांगायला नकोच.)

आधी हे बंद का पडतं ते पाहू. ग्नोम शेल हा पॅनल, मेनू, खिडक्या सांभाळणारा ग्नोमचा प्रोग्रॅम, आणि एक्स्टेन्शन ही त्याला जोडलेली भर. पण ग्नोम शेलचं एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरच्या अ‍ॅड-ऑनसारखी वेगळ्या डब्यात बंद वस्तू नव्हे. तुमचा जावास्क्रिप्ट कोड शेलच्याच प्रोसेसमध्ये धावतो आणि शेलच्याच पॅनलला, मेनूला, खिडक्यांना हात घालतो. ‘हे आम्ही बदलणार नाही’ अशी हमी देणारा एपीआय (बाहेरच्या कोडसाठी ठरवून दिलेला मार्ग) मधे नाही. शेल लिहिणाऱ्यांनी एखाद्या फंक्शनचं नाव बदललं तर ते आपल्या घरातलं कपाट हलवत असतात. तुम्ही त्या कपाटाला वायर बांधली होती, एवढंच.

म्हणून मेटाडेटा डॉट जेसन या एक्स्टेन्शनच्या माहितीच्या फायलीत ‘शेल-व्हर्जन’ ही यादी असते. ग्नोम ४० पासून तिथे फक्त मुख्य आकडा पुरतो, अवतरण चिन्हांत: ‘४७’, ‘४८’, ‘४९’. तुमच्या शेलचा आकडा यादीत नसेल तर एक्स्टेन्शन कालबाह्य ठरवून लोडच केलं जात नाही. ही तपासणी जीसेटिंग्ज या ग्नोमच्या सेटिंगच्या साठ्यातल्या ‘डिसेबल-एक्स्टेन्शन-व्हर्जन-व्हॅलिडेशन’ या किल्लीने बंद करता येते. नवी बीटा आवृत्ती आली की स्वतःच्या चाचणीसाठी ती जरूर वापरा. वापरकर्त्यांना मात्र हा उपाय सांगू नका, कारण त्यांची इतर डझनभर एक्स्टेन्शनंही त्याच दारातून न तपासता आत येतात.

आता कामाचा भाग. आधी तुमचा कोड कुठल्या आवृत्तीपर्यंत आलेला आहे ते ठरवा, कारण सगळ्या उड्या सारख्या नाहीत.

सर्वांत मोठी उडी ४४ वरून ४५ ची, सप्टेंबर २०२३ मधली. तेव्हा शेल जावास्क्रिप्टच्या प्रमाणित मॉड्यूल पद्धतीवर गेलं. जुनं ‘इम्पोर्ट्स डॉट जीआय डॉट एसटी’ (एसटी म्हणजे शेलच्या बटणं-मेनूंची लायब्ररी) गेलं आणि फायलीच्या डोक्यावर ‘इम्पोर्ट एसटी फ्रॉम’ असं लिहून पुढे ‘जीआय’ने सुरू होणारा पत्ता द्यावा लागू लागला. शेलच्या स्वतःच्या फायली ‘रिसोर्स’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून येतात. मोकळी इनिट, एनेबल, डिसेबल ही तीन फंक्शनं जाऊन त्या जागी ‘एक्स्टेन्शन’ या वर्गापासून निघालेला एक डिफॉल्ट वर्ग आला. इनिट गेलंच, एनेबल आणि डिसेबल त्या वर्गाच्या मेथड झाल्या. ‘एक्स्टेन्शनयूटिल्स डॉट गेटसेटिंग्ज’ऐवजी ‘धिस डॉट गेटसेटिंग्ज’, आणि ‘मी डॉट पाथ’ऐवजी ‘धिस डॉट पाथ’.

हे सगळं यांत्रिक आहे, तासाभरात होतं. अडकायला होतं ते तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे पत्त्यातलं एक अक्षर. मुख्य फायलीसाठीच्या पत्त्यात ‘शेल’चा एस लहान लिपीत आहे, प्राधान्यांच्या म्हणजे प्रेफ्स फायलीसाठीच्या पत्त्यात तोच ‘शेल’ आणि पुढचं ‘एक्स्टेन्शन्स’ कॅपिटलने सुरू होतात. एकाची नक्कल दुसरीकडे चिकटवली की प्रेफ्सची खिडकी उघडतच नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे इम्पोर्टमधलं नाव. शेल जे नाव निर्यात करत नाही ते तुम्ही मागितलंत, तर पूर्वी ‘अनडिफाइन्ड’ मिळायचं आणि कोड वापराच्या ओळीपर्यंत तरी जायचा. आता आख्खी फाइल लोड व्हायचं नाकारते. लॉगमध्ये मात्र त्याला ‘सिंटॅक्स एरर’ म्हणतात, आणि माणूस अर्धा तास कंस मोजत बसतो. कंस ठीकच असतात. ते नाव नव्या आवृत्तीत आहे का, हे शेलच्या सोर्समधली ती फाइल त्या आवृत्तीच्या शाखेवर उघडून पाहा. हाच सर्वांत खात्रीचा दस्तऐवज आहे.

तिसरं जरा खोल आहे. पूर्वी शेलच्या मॉड्यूलमधला एखादा चल सरळ बदलून टाकता यायचा. ॲनिमेशनचा वेळ कमी करणारी कितीतरी एक्स्टेन्शनं तेवढंच करत. नव्या पद्धतीत आयात केलेलं नाव बाहेरून बदलता येत नाही. वर्गाच्या प्रोटोटाइपवरची मेथड बदलता येते, आणि त्यासाठी ‘इंजेक्शनमॅनेजर’ मिळतो. तो मूळ मेथड जपून ठेवतो, आणि डिसेबलमध्ये त्याचं ‘क्लिअर’ बोलावलं की सगळं पूर्ववत होतं. तुमचं एक्स्टेन्शन निव्वळ असा एखादा स्थिरांक बदलण्यावर उभं असेल, तर ते ‘सुधारून’ चालणार नाही, वेगळ्या मार्गाने नव्यानेच लिहावं लागेल.

४५ नंतरच्या उड्या लहान आहेत. ४६ मध्ये क्लटरचं (पडद्यावरच्या वस्तू मांडणाऱ्या लायब्ररीचं) ‘कंटेनर’ गेलं, त्यामुळे ‘ॲड अ‍ॅक्टर’च्या जागी ‘ॲड चाइल्ड’ आणि ‘रिमूव्ह अ‍ॅक्टर’च्या जागी ‘रिमूव्ह चाइल्ड’. ग्रेप या शोधायच्या आज्ञेने शोधा, बदला. नवी नावं जुन्या आवृत्त्यांतही होतीच, त्यामुळे मागे काही मोडत नाही. त्याच आवृत्तीत सूचना दाखवायची पद्धत बदलली: सोर्स आणि नोटिफिकेशन बनवताना सुटे अर्ग्युमेंट न देता एक ऑब्जेक्ट द्यायचा, आणि ‘शोनोटिफिकेशन’ऐवजी ‘ॲडनोटिफिकेशन’. ४७ मध्ये ‘क्लटर डॉट कलर’ जाऊन ‘कॉगल डॉट कलर’ आलं. ४८ मध्ये ‘क्लटर डॉट इमेज’च्या जागी ‘एसटी डॉट इमेजकंटेंट’ आलं, आणि मेटावरची (खिडक्या सांभाळणाऱ्या लायब्ररीवरची) काही फंक्शनं ‘ग्लोबल डॉट कंपॉझिटर’वर सरकली.

४९ मधली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. खिडकी मोठी करणाऱ्या ‘मॅक्सिमाइझ’ मेथडला पूर्वी दिशा सांगायचा फ्लॅग द्यावा लागे: आडवी, उभी की दोन्ही. ४९ मध्ये ती काहीच घेत नाही. दिशा सांगायची तर ‘सेट मॅक्सिमाइझ फ्लॅग्ज’ वापरायचं. तुम्ही जुनाच कोड ठेवलात तर काय होतं? जीजेएस, म्हणजे ग्नोममध्ये जावास्क्रिप्ट चालवणारं साधन, जादा अर्ग्युमेंटवर लॉगमध्ये एक इशारा टाकतं आणि काम पुढे रेटतं. म्हणजे फक्त उभी वाढायची खिडकी पूर्ण पडदा व्यापून बसते, एक्स्टेन्शन ‘सक्रिय’ दिसतं, लाल अक्षर कुठेच नाही. नुसता आकडा वाढवून पाठवलेलं खिडक्या लावणारं एक्स्टेन्शन असं बिघडतं, आणि तक्रार येते ‘विचित्र वागतं’ एवढीच. म्हणून लॉगमधले इशारेही वाचायचे, फक्त चुका नाहीत.

लॉग पाहायचा तो ‘जर्नलसीटीएल -एफ -ओ कॅट’ या आज्ञेपुढे ग्नोम-शेलच्या बायनरीचा पूर्ण मार्ग देऊन. प्रेफ्सची खिडकी वेगळ्या प्रोसेसमध्ये उघडते, तिच्या चुका इथे दिसत नाहीत. तिथे मार्ग जीजेएसचा द्यायचा. ‘खिडकी उघडत नाही आणि लॉगही कोरा’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

चाचणी आपल्या चालू सत्रात करू नका. कोड एकदा लोड झाला की एक्स्टेन्शन बंद-चालू करून तो नव्याने वाचला जात नाही. मॉड्यूल स्मृतीतच राहतं. एक्स-अकरावर (पडद्यावर खिडक्या उमटवणाऱ्या जुन्या व्यवस्थेवर) ऑल्ट-एफ-दोन दाबून ‘आर’ टाइप केलं की शेल नव्याने सुरू व्हायचं. वेलँड या नव्या व्यवस्थेवर ती सोय नाही, आणि ४९ पासून एक्स-अकराचं सत्र मुळातच बंद ठेवलेलं असतं. प्रत्येक बदलानंतर लॉगआउट करायचं नसेल तर खिडकीत दुसरं शेल उघडा. ४८ पर्यंत ‘डीबस-रन-सेशन’पुढे ग्नोम-शेल, ‘नेस्टेड’ आणि ‘वेलँड’ हे पर्याय द्यायचे. ४९ पासून ‘नेस्टेड’च्या जागी ‘डेव्हकिट’ आहे, आणि त्यासाठी मटरचा (ग्नोमच्या खिडकी-व्यवस्थापकाचा) डेव्हकिट भाग वेगळा बसवावा लागतो. त्या आतल्या शेलमध्ये टर्मिनल उघडून ‘ग्नोम-एक्स्टेन्शन्स एनेबल’ आणि पुढे तुमचा यूयूआयडी (एक्स्टेन्शनची एकमेव ओळख). फोल्डरचं नाव आणि मेटाडेटामधला यूयूआयडी अक्षरशः एकच हवेत. फायली हाताने कॉपी केल्या असतील तर स्कीमाज (सेटिंगच्या व्याख्यांच्या) फोल्डरवर ‘ग्लिब-कंपाइल-स्कीमाज’ स्वतः चालवा.

आता अशी एक परीक्षा, जी फारच थोडे लोक घेतात. पडदा कुलूपबंद करा आणि पुन्हा उघडा. कुलूप लागताना शेल तुमचं डिसेबल बोलावतं आणि उघडताना एनेबल, अर्थात मेटाडेटात सत्राचे प्रकार वेगळे मागितले नसतील तर. हे पाच-सहा वेळा करा. पॅनलवर आयकॉन दोनदा दिसतो? म्हणजे डिसेबलमध्ये ‘डिस्ट्रॉय’ राहिलं. मिनिटाला एकदा चालणारं काम आता मिनिटाला सहा वेळा चालतंय? टायमरचा आयडी जपून ‘सोर्स रिमूव्ह’ केलेलं नाही. लॉगमध्ये नष्ट झालेल्या वस्तूला हात लावल्याची ओरड? कुठला तरी सिग्नल तोडायचा राहिला. नियम सरळ आहे: एनेबलमध्ये जे जन्माला घातलं ते सगळं डिसेबलमध्ये मोडायचं आणि संदर्भ ‘नल’ करायचा, कन्स्ट्रक्टरमध्ये काहीच बनवायचं नाही. एक्स्टेन्शनच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक नवी आवृत्ती माणूस वाचतो, आणि नाकारण्याच्या कारणांत हे नेहमी असतं. तसंच मुख्य फायलीत खिडक्या बनवणाऱ्या लायब्ररी जीटीके किंवा अ‍ॅडवायटा आयात करणं, किंवा उलट प्रेफ्समध्ये क्लटर, मेटा, एसटी ओढणं. तपासणारे हे सांगतात तेव्हा वाद घालू नका, त्यांचं बरोबर असतं.

चाचणीत शेलच कोसळलं तर घाबरू नका. कोसळल्यानंतर ग्नोम काही वेळा सगळीच एक्स्टेन्शनं बंद करून सत्र सुरू करतं. ‘डिसेबल-यूजर-एक्स्टेन्शन्स’ ही किल्ली ‘फॉल्स’ केली की ती परत येतात. त्याआधी गुन्हेगार बाजूला काढा, नाहीतर तेच पुन्हा.

किती आवृत्त्यांना आधार द्यायचा, हाही प्रश्न येतो. उबंटू २४.०४ वर ग्नोम ४६ आहे, डेबियन १३ वर ४८, उबंटू २५.१० वर ४९. ४५ पासून पुढच्या सगळ्यांसाठी एकच कोड ठेवता येतो. त्यात आकड्यावरून फाटे फोडू नका, नाव आहे का ते विचारा: ‘क्लटर डॉट कलर’ असेल तर ते, नसेल तर ‘कॉगल’चं. ४४ आणि त्याआधीच्यांसाठी मात्र वेगळी शाखा हवीच, दोन्ही मॉड्यूल पद्धती एका फायलीत नांदत नाहीत. ती जुनी शाखा गोठवून ठेवा. तिच्यात नवं काही घालत बसण्यात अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मग झिप बांधायला ‘ग्नोम-एक्स्टेन्शन्स पॅक’. मुख्य फाइल, प्रेफ्स, मेटाडेटा आणि स्टाइलशीट तो आपणहून घेतो, पण तुमच्या इतर जावास्क्रिप्ट फायली आणि आयकॉनचा फोल्डर ‘एक्स्ट्रा-सोर्स’ने प्रत्येकी सांगावा लागतो. ते विसरलं की तुमच्या मशीनवर चालणारं एक्स्टेन्शन दुसऱ्याकडे पहिल्याच इम्पोर्टवर अडतं. मेनूचं मराठी भाषांतर केलं असेल तर ‘पीओ’चा फोल्डरही ‘पीओडीर’ने द्या. बनलेली झिप स्वच्छ आभासी मशीनवर एकदा बसवून बघा, आणि मगच मेटाडेटा उघडून तो आकडा घाला. यादीत तुम्ही चालवून पाहिलेल्या आवृत्त्याच ठेवा. पुढची आवृत्ती बीटात असेल आणि तिच्यावर तपासलं असेल तर तीही चालेल, त्यापुढची नाही.