सिडनीजवळच्या कातळावरच्या खाचा: कळवायचं कुणाला आणि कसं

सिडनीच्या उत्तरेला रानात वालुकाश्माचे मोठमोठे उघडे कातळ आहेत. सुट्टीच्या दिवशी तिकडे चालायला जाणारी मराठी माणसं आता बरीच दिसतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

पायवाटेपासून थोडं आत, ओढ्यालगतच्या कातळावर पाणी साचणारा एक खळगा होता. त्याच्या कडेला एकाशेजारी एक लांबट खाचा दिसल्या. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात मावेल एवढ्या, मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना निमुळत्या. आतला दगड भोवतालच्या खरबरीत कातळापेक्षा स्पष्ट गुळगुळीत होता. इथले अ‍ॅबोरिजिनल लोक, म्हणजे मूळ रहिवासी, दगडी कुऱ्हाडीच्या पात्यांना पाणी घालून वालुकाश्मावर घासून धार लावत, म्हणून अशा खाचा बहुतेक पाण्याजवळच सापडतात, एवढं मला माहीत होतं.

मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांच्या रेषांत फोटोसाठी खडू भरणारे लोक मी पाहिलेत, आणि ते पाहून दर वेळी जीव तुटलाय. त्यामुळे इथे शेवाळ खरवडलं नाही, पाणी ओतलं नाही, खाचांवर काही ठेवलंही नाही. मोजपट्टी बाजूला धरून जवळून फोटो काढले, मग लांबून, ओढा आणि झाडं येतील असे.

सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्ये १९७४ च्या नॅशनल पार्क्स अँड वाइल्डलाइफ अ‍ॅक्टनुसार अशी जागा आढळली, की वाजवी वेळेत सरकारला कळवणं बंधनकारक आहे. तिची नोंद आधीच आहे असं मानायला सबळ कारण असेल तरच सूट. ही नोंदवही हेरिटेज एनएसडब्ल्यू हे खातं सांभाळतं, तिचं नाव AHIMS (अ‍ॅबोरिजिनल हेरिटेज इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम). तिच्यात फुकट शोध घेता येतो, पण आपण दिलेल्या टापूत किती जागा नोंदलेल्या आहेत एवढंच कळतं, नेमक्या कुठे ते कळत नाही. ही गुप्तता मला पूर्ण पटते. मला दिसलेल्या खाचा नोंदीत आहेत की नाहीत हे त्यातून ठरत नव्हतं, म्हणून फॉर्म भरायला घेतला.

फॉर्ममध्ये सगळ्यात किचकट भाग जागेच्या आकड्यांचा. फोन अक्षांश-रेखांश देतो, फॉर्मला मात्र नकाशाच्या जाळीतले पूर्वेचे आणि उत्तरेचे मीटर हवे असतात. सिडनी या जाळीच्या ५६ व्या झोनमध्ये, म्हणजे पट्ट्यात, येतं. शिवाय आकडे कोणत्या मोजणी-पद्धतीतले आहेत तेही लिहावं लागतं. जुन्या नकाशांची पद्धत चुकून धरली, तर जागा सुमारे दोनशे मीटर सरकते, म्हणजे माझ्या खाचा ओढ्यापलीकडच्या झाडीत गेल्या असत्या. बाकी रकाने सरळ होते: काय दिसलं, अवस्था कशी आहे, धोका कशाचा. धोक्याच्या रकान्यात मी शेजारून गेलेले सायकलचे ताजे वण लिहिले.

फॉर्म पाठवून थांबलो नाही. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात रिओ टिंटो कंपनीने जुकान घळीतल्या गुहा सुरुंगाने उडवल्या. तिथे ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराचे पुरावे होते. जागा कंपनीला ठाऊक होती, सरकारी परवानगी हातात होती, आणि तिथल्या मूळ रहिवासी पूतु कुंती कुर्रामा व पिनिकुरा लोकांचा विरोध असूनही स्फोट झाला. कागदावर नोंद असली म्हणजे जागा वाचते, या समजावर त्यानंतर माझा विश्वास उरला नाही. ज्यांच्या पूर्वजांनी त्या खाचा पाडल्या त्यांना थेट कळलंच पाहिजे. म्हणून त्या भागाच्या लोकल अ‍ॅबोरिजिनल लँड कौन्सिलला, म्हणजे तिथल्या अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या संस्थेला, फोन केला.

पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "आणखी कुणाकुणाला सांगितलंत?" कुणालाच नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज मोकळा झाला. पुढे त्या स्वतः पार्कच्या रेंजरला घेऊन आल्या, मी फक्त वाट दाखवली. मी पाहिल्या होत्या त्यापलीकडे, पानांच्या थराखालून डोकावणारी आणखी एक खाच त्यांनी बघता बघता ओळखली. त्या जागेबद्दल त्या बरंच बोलल्या. ते इथे लिहिणार नाही, कारण सांगायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

यथावकाश नोंदीचा क्रमांक आला. आमच्या चालणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये काहींनी लोकेशन मागितलं, मी दिलं नाही. फोटोही टाकले नाहीत, कारण फोनने काढलेल्या फोटोत बहुधा जागेचे आकडे दडलेले असतात.

इतर राज्यांत कायदे वेगळे आहेत. व्हिक्टोरियात २००६ चा अ‍ॅबोरिजिनल हेरिटेज अ‍ॅक्ट लागू होतो. आणि कुठेही माणसाची वाटणारी हाडं दिसली, तर हात न लावता मागे सरायचं आणि आधी पोलिसांना कळवायचं. तिथे फॉर्म वगैरे नंतर.