ठिबकची नळी आणि ज्वालामुखीचा ठोका

भाची भूगर्भशास्त्र शिकते. दिवाळीत म्हणाली, "मामा, मला चार डबे करून दे. पाठीवरच्या पिशवीत मावणारे, आणि एखादा राखेखाली गेला तरी रडू येऊ नये इतके स्वस्त." तिला इटलीतल्या स्ट्रॉम्बोलीचा आवाज टिपायचा होता. आपल्याकडे जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. नाशिकचा कातळ लाव्ह्याचाच, पण तो आवाज ऐकायला आम्ही साडेसहा कोटी वर्षं उशिरा आलो.

मी रविवार कारंजाजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. मला वाटलं, चांगला माइक लावला की झालं. पण ज्वालामुखीचा मोठा आवाज 20 हर्ट्झच्या खाली असतो, कानाला ऐकू न येणारा, आणि साधा माइक तिथे ढिम्म. मग दाबातला फरक मोजणारा छोटा सेन्सर घेतला. त्याचं एक तोंड बाहेरच्या हवेला, दुसरं बंद बाटलीला. बाटलीला इंजेक्शनची बारीक सुई खोचली, म्हणजे दिवसभरात हवामानाचा दाब चढला-उतरला तरी तो आत हळूहळू सारखा होतो आणि झटकन येणारा ठोकाच तेवढा उरतो. डबा टेबलावरून वीतभर उचलला तरी आलेख उडतो, कारण मीटरभर उंचीला 11-12 पास्कल दाब उतरतो. बायकोने स्वयंपाकघराचं दार आपटलं तेही दिसलं. (ती म्हणाली, आता भांडणाची नोंदही ठेवा.)

बाहेर नेल्यावर मात्र फजिती. दिंडोरीला मेव्हण्याच्या द्राक्षबागेत ठेवला, तर नुसता वारा. स्पंज गुंडाळला, बादली पालथी घातली, काही नाही. शेवटी मेव्हण्यानेच ठिबकची जुनी नळी पुढे केली. तिचं एक टोक डब्याला जोडलं, दुसरं बुजवलं. वाऱ्याची झुळूक प्रत्येक भोकाशी वेगळी, म्हणून एकमेकींना मारते. 1 हर्ट्झची लाट मात्र सुमारे 340 मीटर लांब, ती सगळ्या भोकांशी एकाच वेळी येते. आलेख बराच निवळला.

घड्याळानेही छळलं. आवाज कुठून आला ते कळायला चारही डब्यांची वेळ जुळायला हवी. साधा क्रिस्टल दिवसाला दीड-दोन सेकंद सहज चुकतो, आणि तेवढ्यात आवाज अर्धा किलोमीटर जातो. म्हणून जीपीएस लावावंच लागलं. तिसऱ्या डब्याच्या नळीत मुंग्या शिरल्या, म्हणून सेन्सरच्या तोंडाला जाळी लावली.

आता अडचण नळीचीच. चार डब्यांच्या चार गुंडाळ्या तिच्या पिशवीत बसत नाहीत. चार-चार मीटरवर भागतंय का, ते या रविवारी बागेत बघणार आहे.