‘आता करण्यासारखं काही नाही’ म्हटल्यावर करण्यासारखं काय काय असतं

डॉक्टर लोकांनी एक वाक्य कायमचं सोडून द्यावं असं मला मनापासून वाटतं. "आता करण्यासारखं काही राहिलेलं नाही." मावशीला फुप्फुसांचा फायब्रोसिस निघाला तेव्हा एका डॉक्टरांनी अगदी याच शब्दांत सांगितलं, आणि त्यांच्या बाजूने ते खरंच होतं म्हणा. या आजारात फुप्फुसं आतून कडक होत जातात, झालेलं नुकसान परत भरून येत नाही, जी औषधं आहेत ती फार तर वेग कमी करतात. पण मावशी काही त्या दिवशी गेली नाही ना! पुढे बरेच महिने ती घरात होती, दमत होती, घाबरत होती, आमच्यावर चिडत होती, शब्दकोडी सोडवत होती, आणि काका रात्रभर ऑक्सिजनच्या मशीनच्या आवाजात जागे असायचे. त्या सगळ्या महिन्यांत करण्यासारखं इतकं होतं की दिवस पुरायचा नाही.

या कामाला, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी पेशंटचा त्रास कमी करणं आणि घरच्यांनाही सांभाळणं याला, पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. नाव काढलं की लोकांचे चेहरे पडतात, कारण सगळ्यांना वाटतं ही शेवटच्या आठ दिवसांची गोष्ट, आणि तीही फक्त कॅन्सरवाल्यांची. दोन्ही चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी साधारण ५ कोटी ६८ लाख लोकांना हिची गरज असते आणि मिळते त्यातल्या जेमतेम १४ टक्क्यांना. गरज असलेल्या मोठ्या माणसांत हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार असलेले कॅन्सरवाल्यांपेक्षा जास्त आहेत, हे वाचून मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. किडनी, पार्किन्सन्स, डिमेन्शिया, मोटर न्यूरॉनचा आजार, सगळे यात येतात.

आणि सुरू कधी करायची, तर आजार बरा होणारा नाही हे कळलं तेव्हापासूनच, बाकीच्या उपचारांच्या जोडीने. २०१० साली बॉस्टनच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला, पसरलेला फुप्फुसाचा कॅन्सर नुकताच कळलेले १५१ पेशंट होते, त्यातल्या अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासून ही केअर दिली. त्यांचं रोजचं जगणं जास्त सुसह्य झालं, डिप्रेशन कमी दिसलं, शेवटी शेवटी त्रासदायक उपचारांचा मारा कमी झाला, आणि तरीही ते बाकीच्यांपेक्षा सरासरी जवळजवळ पावणेतीन महिने जास्त जगले. आता लगेच कुणी "म्हणजे आयुष्य वाढतं" असं धरून बसू नका, नंतरच्या सगळ्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. पण ‘ही केअर घेतली म्हणजे आपण हार मानली’ ही जी भीती असते ना, तिला काही आधार नाही एवढं तरी त्यातून नक्की कळतं.

या सगळ्याची सुरुवात करणारी बाई मला फार आवडते. सिसिली सॉन्डर्स. आधी नर्स, मग समाजसेविका, मग वयाच्या तिशीत मेडिकल शिकून डॉक्टर, आणि १९६७ मध्ये लंडनला तिने सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटना शेवटपर्यंत सांभाळणारं ठिकाण, सुरू केलं. तिचं म्हणणं असं की मरणाच्या वाटेवरच्या माणसाचं दुखणं एकट्या शरीराचं नसतं, त्यात मनाचं असतं, घरच्यांचं आणि पैशांचं असतं, आणि ‘माझ्याच वाट्याला हे का आलं’ हा जो प्रश्न असतो तोही असतो, आणि हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं असतं की एकाला हात न लावता दुसरं सुटत नाही.

हे मला कळलं ते मावशीच्या दम लागण्यातून. दम लागला की ती घाबरायची, घाबरली की श्वास भराभर आणि वरवर व्हायचा, त्याने दम आणखी लागायचा, की आणखी भीती. ऑक्सिजनचा आकडा काही वेळा अगदी ठीक असायचा आणि तरी ती "मी गुदमरतेय" म्हणायची, आणि घरातलं कुणीतरी मशीनकडे बोट दाखवून म्हणायचं, अगं पण ब्याण्णव आहे! आता आकडा ब्याण्णव असला तरी तिला गुदमरायला होतंय ते खरंच होतंय ना. पॅलिएटिव्ह टीमची नर्स आली तिने आकड्याकडे फार बघितलंच नाही. तिने एक छोटा हातात धरायचा बॅटरीवरचा पंखा आणायला सांगितला. गालांवर आणि नाकाच्या आजूबाजूला गार हवा लागली की तिथल्या नसा मेंदूला जो निरोप देतात त्याने दम लागल्याची जाणीव कमी होते, यावर चांगला अभ्यास झालेला आहे. मला आधी हसूच आलं होतं, इतक्या मोठ्या आजारावर पंखा. पण चालला! शिवाय पुढे वाकून टेबलावर हात टेकून बसायचं, ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे करून सावकाश श्वास सोडायचा, आंघोळ बसून करायची, आणि दिवसातलं सगळ्यात दमवणारं काम कोणतं ते ठरवून त्याच्या आधी नि नंतर विश्रांती. मावशीने ठरवलं की आपली ताकद आंघोळीवर न घालवता संध्याकाळी गच्चीत बसण्यावर घालवायची. त्यावरून घरात भांडण झालं, अर्थात. पण ताकद तिची, ठरवणार तीच.

मॉर्फिनबद्दल, म्हणजे तीव्र वेदनांवर आणि दम लागण्यावरही देतात त्या औषधाबद्दल, थोडं बोलायलाच हवं कारण त्या नावाने घर हादरतं. सवय लागेल, झोपेतच ठेवतील, लवकर मरेल. नीट मोजून, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. सुरुवातीची गुंगी आणि मळमळ बहुतेकांची थोड्या दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवंच, ते लिहून दिलेलं नसेल तर विचारा, लाजू नका. दुखत असेल तर गोळी घड्याळाप्रमाणे घ्यायची असते, दुखणं असह्य होईपर्यंत दात आवळून थांबण्यात कसलीही बहादुरी नाही. आणि आपल्या मनाने एकदम बंदही करायची नाही.

आता काका. पेशंटभोवती सगळे जमतात आणि बाजूला जो माणूस उभा असतो त्याला प्रत्येक जण एकच विचारतो, "त्या कशा आहेत?" काकांनी स्वतःची बीपीची गोळी किती दिवस घेतली नव्हती हे कुणालाच माहीत नव्हतं, नर्सने विचारलं तेव्हा कळलं. सांभाळणाऱ्यावर किती ताण आहे हे मोजायला झरीट नावाची २२ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, त्यात तुम्हाला राग येतो का, स्वतःसाठी वेळच उरत नाही असं वाटतं का, असले प्रश्न असतात. काका त्यातल्या एका प्रश्नावर बराच वेळ थांबले आणि मग म्हणाले, "कधीकधी वाटतं एकदाचं संपावं." आणि लगेच रडायला लागले. नर्सने शांतपणे सांगितलं की हे जवळजवळ प्रत्येक सांभाळणाऱ्याला कधी ना कधी वाटतं, थकलेल्या माणसाला थांबावंसं वाटतं, त्याचा अर्थ बायको नकोशी झाली असा होत नाही. माझ्या मते त्या घरात झालेली सगळ्यात मोठी ट्रीटमेंट हीच होती, मशीन बिशीन सगळं नंतर.

यावरून नातेवाईक आणि मित्रमंडळींना एक सांगायचंय. "काही लागलं तर सांगा" हे म्हणू नका. सांगायला काय लागतंय ते आधी सुचावं लागतं, मग फोन करायचा, मग उपकार घ्यायचे, थकलेला माणूस हे करत नाही. त्यापेक्षा "मंगळवारी रात्री मी थांबतो, तुम्ही आतल्या खोलीत दार लावून झोपा" असं म्हणा. औषधं आणून देणं, कपडे धुऊन देणं, इन्शुरन्सचे कागद भरणं, बाकीच्या नातेवाईकांना रोजची बातमी एकाच ठिकाणाहून देणं म्हणजे घरच्यांना तीच कहाणी दहा वेळा सांगावी लागत नाही, हे सगळं मदतीत येतं. आणि कृपा करून अमक्याला तमक्या गोष्टीने बरं वाटलं हे व्हिडिओ पाठवू नका.

लपवाछपवीबद्दल माझं मत थोडं कडक आहे. घरचे म्हणतात तिला सांगू नका, खचेल. आणि तिला सगळं कळलेलं असतं, ती म्हणते ह्यांना कळू देऊ नका, खचतील. मग दोन्हीकडून नाटक चालू, आणि दोघंही एकेकटे. सगळंच तोंडावर फेकायला हवं असं नाही, काहींना खरंच जाणून घ्यायचं नसतं आणि तो त्यांचा हक्क आहे. म्हणून आधी विचारायचं, "तुला आजाराबद्दल किती माहिती हवीय?" मावशीने "मी जाणार का गं?" असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडावर ‘छे, काहीतरीच काय’ आलंच होतं, पण नर्सने शिकवलेलं आठवलं आणि मी म्हटलं, तुला काय वाटतंय? त्यावर ती तासभर बोलली. त्यात मरणाबद्दल अगदी थोडं होतं, बाकी सगळं काकांना बँकेतलं काही येत नाही याबद्दल. दुसऱ्या दिवशी आम्ही बँकेचे कागद काढून बसलो. कोणते उपचार शेवटी नकोत, व्हेंटिलेटर हवा की नको, तिच्या वतीने कोण बोलणार हेही तिने याच सुमारास डॉक्टरांसमोर सांगून लिहून ठेवायला लावलं, नाहीतर हे निर्णय मध्यरात्री कॉरिडॉरमध्ये उभं राहून घ्यावे लागतात आणि मग भाऊबहिणी आयुष्यभर एकमेकांशी बोलत नाहीत.

मुलांना सांगावं का, तर हो, सांगावं, त्यांच्या वयाला झेपेल इतकं आणि खरं. "झोपली" वगैरे म्हणू नका, लहान मुलं मग झोपायला घाबरतात. आणि आजार त्यांच्यामुळे झालेला नाही हे आवर्जून सांगा, मुलं तसं मनात धरून बसतात.

शेवटच्या दिवसांत मावशीने जेवण जवळजवळ सोडलं. घरात प्रत्येकाला वाटत होतं की खात नाही म्हणून ती जातेय, प्रत्यक्षात उलटं असतं, शरीर थांबत आलेलं असतं म्हणून भूक जाते. जबरदस्ती केली तर ठसका लागतो, उलटी होते. ओठ ओले ठेवणं, तोंड साफ ठेवणं, हे करत राहायचं.

मावशी गेल्यावर टीमचं काम संपलं असं मी धरलं होतं, पण नर्सचे काकांना फोन येत राहिले. मशीन परत नेलं का, उरलेलं मॉर्फिन घरात न ठेवता कुठे द्यायचं, झोप लागते का, जेवता का, असलेच साधे प्रश्न. दुःखाला वेळ लागतोच, त्याला आजार म्हणायची घाई नको. पण काहींचं दुःख जागचं हलतच नाही, आता डॉक्टर लोकही त्याला वेगळं निदान मानतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत किमान सहा महिने आणि अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या यादीत मोठ्यांसाठी किमान वर्षभर तीव्र दुःख टिकून रोजचं जगणंच अडलं तर, आणि त्यावर उपचार आहेत. काकांना तिथपर्यंत जावं लागलं नाही. हल्ली ते आठवड्यातून एकदा, घरी पेशंट सांभाळणाऱ्या लोकांच्या एका ग्रुपला जातात, स्वतः फार बोलत नाहीत, पण नवीन कुणी आलं की पहिलं विचारतात, "तुमची स्वतःची औषधं घेतली का आज?"