चिंगी, साय आणि वही

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली तेव्हा चिंगी मांजर ओंजळीत मावत होती. पाच वर्षांनंतर ती 5.9 किलो भरली. (तिला उचलून काट्यावर उभे राहायचे, मग एकटीने, आणि वजाबाकी करायची; यात माझेही वजन घरभर झाले, तो विषय निराळा.) डॉक्टरांनी तिच्या बरगड्या चाचपल्या, त्या हाताला लागेचनात. शरीरयष्टीच्या 9 गुणांच्या मापात 5 उत्तम असतात, हिला 8 मिळाले. नसबंदीनंतर मांजरीची उष्मांकाची गरज घटते आणि भूक मात्र वाढते, हे आम्हाला तेव्हाच कळले.

वजन उतरवण्यासाठी तिला दिवसाला सुमारे 170 कॅलरी ठरवून दिल्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजलेले साधारण 45 ग्रॅम कोरडे खाद्य. मग आम्ही एक वही घातली आणि तिच्या तोंडात जे जे जाईल ते लिहायचे ठरवले. आठवड्याभरात उलगडा झाला: सकाळी सासऱ्यांच्या हातची साय, दुपारी माझा दहीभात, संध्याकाळी शेजारच्या बेनच्या ओट्यावर अर्धी वाटी म्हशीचे दूध. त्या दुधातच जवळजवळ 75 कॅलरी होत्या. खरे तर वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दूध पचतही नाही.

आमचे घर शाकाहारी असल्याने दहीभात मला सात्त्विक वाटत होता. पण मांजर हा निखळ मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य तिचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही आणि ते मुख्यतः मांस-मासळीतूनच मिळते. ते कमी पडले की हृदयाचे स्नायू दुबळे होतात, दृष्टीही जाऊ शकते. दह्याभाताने ही उणीव भरून निघत नाही.

सासूबाईंनी सुचवले, "आठवड्यातून एक एकादशी करू दे तिला." यावर मात्र डॉक्टर कडाडले. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातली चरबी यकृतात साठून जिवावर बेतू शकते, म्हणून आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का एवढीच घट धरायची, असे त्यांनी बजावले.

चार महिन्यांत काटा 5.2 वर आला आहे. परवा वहीत सासऱ्यांच्या अक्षरात नोंद सापडली: "सकाळी 7. साय, एक चमचा. तिने मागितली." त्या दिवशी मी तेवढे दाणे वजा केले.