शिकाऊ काळाचे भांडवल : यंत्रमाग उद्योगातील माझा अनुभव

सोलापुरात यंत्रमागाच्या व्यवसायात माझी चाळीसहून अधिक वर्षे गेली. या काळात मी चादरीकडून टॉवेलकडे वळलो, आडवा धागा धोट्याने फेकणाऱ्या मागावरून तो पट्टीने ओढणाऱ्या रेपियर मागावर आलो, रंगाची पद्धत बदलली, डिझाइनची नोंदणी करून घेतली आणि अडकलेले पैसे कायद्याच्या मार्गाने सोडवूनही घेतले. यातले प्रत्येक पाऊल उचलताना यंत्राची किंमत, कर्जाचा हप्ता आणि सुताचा दर आधी कागदावर मांडलेला असायचा. पण नवे तंत्र माणसांच्या हाताला बसेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात माल कमी निघतो, त्यातला बराचसा दुय्यम निघतो आणि पगार मात्र पूर्ण द्यावे लागतात. या काळाचा हिशेब फार थोडे कारखानदार करतात. छोट्या उद्योगात नवेपणा टिकतो की बुडतो, हे बहुतेक वेळा याच हिशेबावर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

आमचा कारखाना पूर्व भागातला. इथल्या असंख्य घरांप्रमाणे आमचेही मूळ तेलंगणातले, घरात तेलुगू आणि व्यवहारात मराठी. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या शहराने गिरण्यांचा मोठा काळ पाहिला आणि पुढे एकेक गिरणी बंद पडतानाही पाहिली. गिरण्यांतून बाहेर पडलेल्या कसबी माणसांपैकी अनेकांना यंत्रमागांनी सामावून घेतले. मी धंद्यात आलो तेव्हा आमच्याकडे जकार्डवरच्या, म्हणजे नक्षीनुसार उभे धागे उचलणाऱ्या यंत्रावरच्या, चादरी निघत. सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. त्यासाठी पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडून त्यांची लांबलचक माळ जकार्डवर चढवावी लागे. एका नक्षीचे पत्ते पाडणे हे स्वतंत्र कारागिराचे काम होते आणि एक पत्ता फाटला तरी नक्षी बिघडत असे.

शिकाऊ काळाची किंमत मला पहिल्यांदा रंगखात्यात कळली. जर्मनीने 1990 च्या दशकाच्या मध्यास ॲझो गटातल्या काही कृत्रिम रंगांवर बंदी घातली. शरीराच्या संपर्कात येणाऱ्या कापडातून कर्करोगाला कारण ठरू शकणारी अमाइन्स नावाची विशिष्ट रसायने सुटू शकतात, असे ते कारण होते. पुढे भारत सरकारनेही अशा रंगांवर बंदी आणली आणि 2002 मध्ये युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांसाठी 30 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 30 भागांची, मर्यादा ठरवली. आमच्याकडे गडद लाल आणि मरून रंग नॅप्थॉल पद्धतीने, म्हणजे नॅप्थॉल आणि बेस ही दोन रसायने धाग्यावरच एकत्र आणून, होत. मरूनसाठी जो गार्नेट जीबीसी बेस सर्रास वापरला जाई, त्याचे अमाइनच बंदीच्या यादीत होते. म्हणजे ज्या शेडवर गिऱ्हाईक खूश होते, नेमकी तीच शेड नव्याने उभी करायची होती.

धाग्याशी रासायनिक जोड धरणाऱ्या रिॲक्टिव्ह रंगांकडे वळणे हा मार्ग सर्वांना ठाऊक होता, पण मार्ग ठाऊक असणे वेगळे आणि त्या मार्गाने तीच शेड दर वेळी मिळणे वेगळे. रिॲक्टिव्ह रंगाला मिठाचे आणि सोड्याचे प्रमाण, तापमान आणि वेळ हे सगळे काटेकोर लागते. शिवाय धाग्याला न चिकटलेला रंग धुऊन काढण्यासाठी पुन्हा पुन्हा पाणी लागते. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथे हा खर्च किती मोठा आहे, हे बाहेरच्या माणसाला सहसा उमगत नाही. रंगखात्यातले आमचे जुने कारागीर नुसत्या नजरेने शेड जुळवत. त्यांच्या नजरेवर माझा पूर्ण विश्वास होता, पण बोअरचे पाणी आणि टँकरचे पाणी यांच्या कठीणपणात फरक पडला की तोच रंग वेगळा उतरत असे. तेव्हा प्रत्येक घाणीचे, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या सुताच्या खेपेचे, पाणी, मीठ, तापमान आणि शेवटी धाग्याचा एक तुकडा वहीत चिकटवून ठेवण्याची पद्धत आम्ही सुरू केली. त्या वह्या जसजशा भरत गेल्या तसतशी परत येणारी घाणी कमी होत गेली. हा सगळा काळ आम्ही चादरींच्या नेहमीच्या विक्रीवर काढला. जुना माल पैसे आणत होता म्हणून नव्याला उसंत मिळाली, आणि हे सूत्र मी पुढे कधीही सोडले नाही.

टॉवेलकडे वळण्याचे कारण बाजारातच होते. कृत्रिम धाग्याची, वजनाला हलकी आणि दराला स्वस्त ब्लँकेटे पानिपतहून येऊ लागली आणि सुती चादरीचे गिऱ्हाईक पातळ होत गेले. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना 2005-06 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा मान मोठा आहे आणि मला त्याचा अभिमानही आहे. तरी मानांकन नावाचे रक्षण करते, खप मात्र मालालाच मिळवावा लागतो. टॉवेलला देशात हॉटेले व रुग्णालये आणि परदेशात नियमित खरेदीदार होते. मात्र त्यांना हवे ते रुंद, एकसारख्या वजनाचे टॉवेल जुन्या मागांवर निघत नव्हते.

केंद्र सरकारची वस्त्रोद्योगासाठीची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना 1 एप्रिल 1999 पासून सुरू झाली होती. तिच्यात मंजूर यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जावर पाच टक्के व्याजाचा परतावा मिळे. परतावा या शब्दाचा अर्थ इथे नीट ध्यानात घ्यावा लागतो : व्याज आधी पूर्ण भरायचे आणि दावा मंजूर होईल तेव्हा रक्कम जमा होणार. आमच्या सनदी लेखापालांनी परताव्याची रक्कम रोखीच्या आवक-जावकेत धरायचीच नाही, असे मला पहिल्याच बैठकीत बजावले. मी आणखी एक गोष्ट मागितली. यंत्र उभे राहून चालू झाल्यावर मुद्दलाचे हप्ते सुरू होण्याआधी बँकेने पुरेशी मुदत द्यावी आणि खेळत्या भांडवलाची मर्यादा यंत्रासोबतच वाढवावी. व्यवस्थापकांना पहिली मागणी पटली, दुसरीसाठी बराच आग्रह धरावा लागला. उत्पादन वाढल्यावर मर्यादा वाढवू, असे त्यांचे म्हणणे होते. उत्पादन वाढण्याच्या आधीच पैसे लागतात, हे त्यांना महिनावार तक्ता मांडून दाखवले तेव्हा ते राजी झाले.

टेरी टॉवेल विणताना उभ्या धाग्यांचे दोन ताणे लागतात, एक तळाचा घट्ट आणि दुसरा लूपचा सैल. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे विणून झालेल्या कापडाच्या टोकापासून थोडे दूर ठेवले जातात आणि तिसऱ्या धाग्यासोबत फणी तिघांनाही एकदम पुढे ठोकते; त्या ठोक्याला सैल ताणा उभा राहतो आणि लूप तयार होतो. त्या दूर ठेवलेल्या अंतरात किंचित फरक पडला तरी लूपची उंची बदलते, म्हणजे टॉवेलचे वजन बदलते. आमच्याकडच्या ज्येष्ठ विणकरांना सगळे मामा म्हणत. धोट्याचा माग बिघडण्याआधी त्याचा आवाज बदलतो आणि मामांना तो शेडच्या दुसऱ्या टोकाहून ओळखू येई. रेपियर मागावर धोटाच नाही. पट्टीच्या टोकाची पकड कोनवरचा धागा ओढून नेते आणि बिघाड पडद्यावर दिसतो. मामा काही दिवस त्या मागाजवळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी चालू मागावर, विणले जात असलेल्या कापडाच्या पोटाखाली हाताचा पंजा सरकवला आणि म्हणाले, "मालक, डावीकडं लूप बसकं येतंय. पडदा काय बी म्हणू द्या." तो टॉवेल उतरवून दोन्ही कडांचे तुकडे वजन करून पाहिले, तेव्हा डावीकडचा खरोखरच हलका निघाला, लूपच्या ताण्याचा ताण दोन्ही बाजूंना सारखा नव्हता.

त्यानंतर मी ठरवून टाकले की यंत्र बसवायला आलेल्या तंत्रज्ञाच्या शेजारी आधी मामा आणि माग जुळवणारा जॉबर उभे राहतील, मग शिकलेली तरुण मुले. मामा तुकड्यामागे मजुरी घेत. नवीन मागावर सुरुवातीला तुकडे कमी निघणार, म्हणजे त्यांचे उत्पन्न घटणार. असे असताना कोणता विणकर मनापासून शिकेल? म्हणून शिकाऊ काळात आम्ही तुकड्यावरची मजुरी बाजूला ठेवून त्यांच्या आधीच्या सरासरी कमाईइतका बांधलेला पगार दिला. नवे तंत्र कामगार स्वीकारत नाहीत, ही तक्रार मी अनेक कारखानदारांकडून ऐकली आहे. पण तोटा कामगाराच्या खिशातून जाणार असेल, तर त्याचा विरोध मला रास्तच वाटतो.

कांडी भरणाऱ्या बायकांचा प्रश्न याहून अवघड होता. धोट्यात बसणारी, बाण्याचा धागा गुंडाळलेली कांडी भरण्याचे काम आसपासच्या घरांतल्या कितीतरी स्त्रिया करत, आणि रेपियर मागाला कांडीच लागत नाही. एका नव्या यंत्राने त्यांचे काम पुसले जाणार होते. याचे उत्तर त्या मागाच्या कापडातच सापडले. धोटा बाण्याचा धागा मागे वळवून आणतो, त्यामुळे कापडाची कड बंद राहते. रेपियरवर धागा दर वेळी कापला जातो आणि कडेला झालर राहते, म्हणून प्रत्येक टॉवेलच्या कडा दुमडून शिवाव्याच लागतात. शिवण, तपासणी आणि घडी ही कामे त्यामुळे वाढली. आम्ही शिलाई यंत्रे घेतली आणि कांडीवाल्यांपैकी ज्यांना यायचे होते त्या सर्वांना शिकवले. घराबाहेर पडून शेडमध्ये येणे सगळ्यांना जमले नाही, त्यांच्यासाठी घरी नेऊन करण्याचे झालरीचे दोरे कापण्याचे काम ठेवले. त्यात पूर्वीइतके पैसे मिळत नव्हते आणि त्याची खंत मला आजही आहे. ज्या आल्या, त्यांच्यापैकी एक जण पुढे संपूर्ण तपासणी विभाग सांभाळू लागल्या.

त्या वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन होते. टेरीचा माग वीज जाऊन मध्येच थांबला की पुन्हा सुरू होताना टॉवेलवर आडवी रेघ पडते आणि तो तुकडा दुय्यम मालात जातो. आमच्या तक्त्यात दुय्यम मालाचे प्रमाण सुरुवातीला मुद्दाम जास्त धरले होते, त्यामुळे जनित्राचा खर्च सोसता आला. खरा ताण 2010-11 मध्ये आला. कापसाचे भाव जगभर चढले. मार्च 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात ते पौंडाला दोन डॉलरच्या वर गेले. सूत महागले, टॉवेलचे दर मात्र आधीच्या करारांनी बांधलेले होते. त्याच खेळत्या भांडवलात पूर्वीपेक्षा कमी सूत येऊ लागले. बँकेकडून वाढवून घेतलेल्या मर्यादेने आम्हांला तेव्हा तारले.

इलेक्ट्रॉनिक जकार्ड घेतल्यावर पत्त्यांची माळ गेली आणि नक्षी संगणकाच्या फाइलमध्ये आली. नवी नक्षी आता चटकन उभी राहू लागली, पण ती तितक्याच चटकन दुसऱ्याच्या हाती जाऊ लागली. पूर्वी पत्ते चोरायचे तर माळच उचलून न्यावी लागे. आता एक पेनड्राइव्ह पुरतो. नक्षी शिकण्यावर झालेला खर्च वसूल होण्याआधीच तिची नक्कल बाजारात आली, तर पुढची नक्षी करण्याची उमेदच राहत नाही. डिझाइन कायदा 2000 नुसार नोंदणी केल्यास दहा वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. त्याची सर्वांत कडक अट म्हणजे अर्जाच्या आधी ती नक्षी प्रसिद्ध झालेली नसावी. पुण्यातल्या आमच्या वकिलांनी यासाठी एक शिस्त घालून दिली : अर्ज कोलकात्याच्या कार्यालयात दाखल होईपर्यंत नमुना कोणत्याही प्रदर्शनात मांडायचा नाही, चाटी गल्लीतल्या ओळखीच्या व्यापाऱ्यालाही दाखवायचा नाही आणि त्याचा फोटो फोनवर पाठवायचा नाही. आम्ही सगळ्या नक्षींची नोंदणी करत नाही. ज्यांवर बराच काळ विक्री चालेल असे वाटते, तेवढ्याच निवडतो.

पैशांच्या वसुलीचा अनुभव मात्र सविस्तर सांगायला हवा. बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या खरेदीदाराने माल उचलला आणि पैसे थकवले. अशा वेळेसाठी 2006 चा सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा आहे. त्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म व लघू उद्योगाला 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. या कायद्याखाली सरकारी पोर्टलवर अर्ज करताना कारखान्याची नोंदणी माल पाठवण्याच्या आधीची असणे, खरेदी आदेश, बिले, मालवाहतुकीच्या पावत्या आणि माल मिळाल्याची पोच एकत्र असणे फार उपयोगी पडले. हा अर्ज ज्या सुविधा परिषदेपुढे जातो, ती आधी दोन्ही पक्षांत समेटाचा प्रयत्न करते, तो फसला तर प्रकरण लवादाकडे जाते. निवाड्याला आव्हान द्यायचे असेल तर खरेदीदाराला रकमेच्या 75 टक्के आधी जमा करावे लागतात. आमच्या प्रकरणात ही तरतूद समोरच्या वकिलांनी आपल्या अशिलाला समजावून सांगितली असावी, कारण त्यानंतर समेटाची भाषा सुरू झाली. मुद्दल पूर्ण आणि व्याजाचा काही भाग घेऊन आम्ही प्रकरण मिटवले. तो खरेदीदार पुन्हा आमच्याकडे आला नाही. छोटे उद्योजक तक्रार करायला का कचरतात, ते मला त्यामुळे चांगले कळते; पण थकलेल्या बिलांवर शिकाऊ काळ काढता येत नाही, आणि असे गिऱ्हाईक गेलेले परवडते.

आता कारखाना मुलगा पाहतो. त्याला हवेच्या झोताने बाण्याचा धागा नेणाऱ्या एअरजेट मागांकडे वळायचे आहे. त्यांचा वेग मोठा आहे, पण दाबाची हवा तयार करायला कॉम्प्रेसरला भरपूर वीज लागते आणि सुताचा दर्जाही वरचा लागतो. आम्ही दोघांनी मिळून बँकेसाठी प्रस्ताव तयार केला, तेव्हा यंत्रांच्या यादीनंतर एक स्वतंत्र पान जोडले. त्यात विणकरांना द्यायचा बांधलेला पगार, पहिल्या काळातल्या दुय्यम मालाचे प्रमाण, चाचणीसाठी लागणारे जास्तीचे सूत आणि तोवर जुने माग किती माल काढत राहतील याची रक्कम महिनावार मांडली आहे. ते पान पूर्ण होईपर्यंत प्रस्तावावर सही करायची नाही, असे आमचे ठरले होते.