तुम्ही विचारलंत म्हणून: दही, पुडी आणि माझं पोट

हा प्रश्न बाकावरचा आहे. बडोद्यात एआरटी सेंटरबाहेर एचआयव्हीच्या औषधांसाठी नंबर लावून बसलं, की कुणीतरी सरकत सरकत जवळ येतं आणि आवाज खाली घेऊन विचारतं, "ताई, तुम्हाला एवढी वर्षं झाली, तब्येत चांगली दिसते. पोटासाठी काय घेता?" गुजराती बाई असली तर आणखी थोडक्यात: "बेन, छास पीवाय?" म्हणजे ताक प्यायलं तर चालतं का? हल्ली त्यात एक भर पडली आहे. एचआयव्हीत खरी नासधूस आतड्यात होते, असं कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं. मग पिशवीतून औषधाची पुडी निघते. "ही प्रोबायोटिकची, चांगल्या जिवाणूंची. चालू करू का?"

मी डॉक्टर नाही. रावपुऱ्यात डबे करते आणि २००८ पासून रोज गोळ्या खाते, एवढीच माझी पात्रता. पण एवढ्या लोकांनी विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मोबाइलवरचं ते वाक्य खोटं नाही. आपल्या संरक्षक पेशींचा सगळ्यात मोठा तळ आतड्याच्या अस्तरात असतो, रक्तात नव्हे. विषाणू शरीरात शिरला की पहिल्या काही आठवड्यांतच तिथल्या सीडी४ पेशींचा, म्हणजे संरक्षक पेशींतल्या मुख्य पेशींचा, फडशा पाडतो. रक्तातला आकडा नंतर सावकाश उतरतो. पेशी गेल्या की अस्तर कच्चं पडतं आणि आतले जिवाणू, त्यांचे तुकडे रक्तात झिरपायला लागतात. डबेवालीच्या भाषेत सांगायचं, तर झाकणाची रबर सैल झाली की रस्सा पिशवीत उतरतो, आणि मग दिवसभर पिशवी पुसत बसावं लागतं. शरीरही तसंच सतत पुसत बसतं, सतत चिडलेलं राहतं. हे झिरपणं २००६ मध्ये अमेरिकेतल्या डॅनियल डूएक यांच्या गटाने मोजून दाखवलं. गोळ्यांनी विषाणू दबला की झिरपणं कमी होतं. पण रक्तातला सीडी४ छान वर आला, तरी आतड्यातली भरपाई बऱ्याच जणांत अपुरीच राहते.

मग चांगले जिवाणू बाहेरून घातले तर? हा विचार शास्त्रज्ञांनाही सुचला. त्यातली टांझानियातल्या म्वान्झा शहराची हकीकत मला फार आवडते, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. तिथल्या बायकांनी एकत्र येऊन दही लावायला घेतलं. साधं नव्हे, कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी दिलेला एक खास जिवाणू घातलेलं. शहरातले एचआयव्ही असलेले लोक ते खाऊ लागले. २०१० मध्ये छापून आलं, की हे दही खाणाऱ्यांचा सीडी४ वाढलेला दिसतो. मी हे वाचलं तेव्हा आनंदाने पातेलंभर दूध जास्त तापवलं होतं. पण नंतर त्याच शहरात नीट तुलना करून पाहिली. गोळ्या अजून सुरू न झालेल्या बायकांपैकी काहींना जिवाणूंची कॅप्सूल दिली, काहींना दिसायला तशीच पण रिकामी. सहा महिन्यांनी दोन्हीकडचा सीडी४ सारखाच. मला वाटतं, पहिल्या वेळी दही खाणाऱ्याच्या पोटात निदान दही तरी जात होतं. अर्धपोटी माणसाला रोज वाटीभर दही मिळालं, तर त्याला बरं वाटणारच. त्याचं श्रेय जिवाणूला द्यायचं की दुधाला, ते कसं ठरवणार? पुढे अमेरिकेत गोळ्या नीट चालू असलेल्या लोकांना चोवीस आठवडे भरपूर जिवाणूंची पुडी देऊन पाहिली. शरीर किती चिडलेलं आहे हे दाखवणारी रक्तातली खूण होती तिथेच राहिली. काही लहान अभ्यासांत थोडा फरक दिसला आहे, नाही असं नाही. पण पुडीवर महिन्याचे पैसे घालावेत असं मला त्यातून दिसत नाही.

आणि घरचं दही म्हणजे प्रोबायोटिक नव्हे, हेही ऐकून ठेवा. त्या शब्दाची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये करून ठेवली आहे: जिवाणू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत, आणि त्यांनी फायदा होतो हे दिसलेलं हवं. माझ्या पातेल्यात कोण किती आहेत, मला काय ठाऊक? थंडीत वेगळे, मे महिन्यात वेगळे. कढी केली, तर उकळल्यावर सगळेच मेले. तरी मी कढी करते, गुजरात्यांसारखी गूळ घालून करते, माझ्या आईला ते कधी पटलं नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुडीवरचा माझा राग कळणार नाही. २००८ मध्ये मला चार महिने जुलाब होत होते. दिवसाला आठ-दहा वेळा, नुसतं पाणी. नवरा आदल्या वर्षी गेला होता. तो कशाने गेला हे मला माहीत होतं, आणि तरी मी स्वतःची तपासणी केली नव्हती. औषधाच्या दुकानात जायचं, "पोट बिघडलंय" म्हणायचं, आणि दुकानदार हसून पुडी काढून द्यायचा. "जंतू आहेत आतमध्ये, बेन, चांगले जंतू." मी त्या चार महिन्यांत किती पुड्या पाण्यात ढवळून प्यायले, मोजलं नाही. त्रेचाळीस किलोवर आले. शेवटी भावाने धरून सरकारी दवाखान्यात नेलं. सीडी४ निघाला ८६, म्हणजे फारच कमी. शौचाची तपासणी खास रंग लावून केली, कारण साध्या तपासणीत तो परजीवी सहज दिसत नाही. आयसोस्पोरा त्याचं नाव. त्याला लागते सल्फाची जुनी, स्वस्त गोळी. आठवड्याभरात जुलाब थांबले. तो उलटू नये म्हणून आणि इतर आजार टाळायला तीच गोळी पुढे बरेच महिने चालू होती, सीडी४ वर येईपर्यंत. दुकानदार वाईट नव्हता. पण चार महिने पुडीत गेले, ते परत नाही मिळाले.

म्हणून बाकावर कुणी पुडी दाखवली की मी आधी विचारते, जुलाब किती दिवस आहेत? वजन उतरलंय का, ताप येतो का? दोन आठवड्यांवर गेलं असेल तर पुडी ठेवा बाजूला, आत डॉक्टरांना सांगा आणि शौच तपासून मागा. परजीवी असू शकतो, आतड्याचा टीबी असू शकतो. आणखी एक. सीडी४ फार खाली असताना, किंवा दवाखान्यात मोठ्या शिरेत नळी लावलेली असताना, जिवंत जंतूंची पुडी विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही. अगदी क्वचित, पण त्या पुडीतले जिवाणू किंवा यीस्ट रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत.

पोटाचं दुसरं दुखणं गोळ्यांचं. माझ्या पहिल्या गोळीने, स्टॅव्युडिनने, गाल आत गेले आणि पाय झिणझिणले. मधल्या एकीने मळमळ. आता डोल्युटेग्राविर असलेली एकच गोळी आहे, पोटाला सोसते. फक्त गॅससाठी पातळ औषध घेता ना, ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं? ते आणि ही गोळी एकत्र नको. गोळी दोन तास आधी घ्या, नाहीतर त्या औषधानंतर सहा तासांनी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल, तर दोन्ही जेवणासोबत एकत्र चालतात, रिकाम्या पोटी मात्र तेच तासांचं अंतर. आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन घेत असाल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, तिचा डोस बघावा लागतो. सेव-उसळीवर लाल तरी दोनदा ओतून घ्यायची आणि दोष गोळीला द्यायचा, हेही बडोद्यात चालतं. मी स्वतः केलंय.

विरजणाचं राहिलं. आमच्या वाड्यात समोरच्या काकू संध्याकाळी वाटी पाठवायच्या, "विरजण आहे का गं?" २००८ मध्ये वाड्यात कळलं आणि वाटी बंद झाली. त्या पिशवीतलं दही आणायला लागल्या, मला दिसायचं. दह्यातून, भांड्यातून, जेवणातून हा विषाणू पसरत नाही. हे मी त्यांना जिन्यात उभं राहून सांगितलंही होतं. "हो का," म्हणाल्या. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांची सून वाटी घेऊन दारात उभी राहिली, नवीनच होती. मी चमचाभर घट्ट दही दिलं. सासूला विचारून आलीस का, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

गेल्या महिन्यात बाकावर पादरा गावाकडचा एक मुलगा होता. पुडी, तोच प्रश्न. जुलाब वीस दिवस. मी त्याला पुडी घेऊन आत पाठवलं, शौच तपासा म्हणावं. दारातून परत वळून म्हणाला, "मग छास?"

"पी की," म्हटलं. "जिरं-मीठ घालून. आणि त्यात घालायचं पाणी आधी चांगलं उकळून घे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असलं, तरी त्याने न मरणारेही परजीवी असतात."