तुम्ही विचारलंत म्हणून : क्लब हैदराबादला गेला, मग मी का नाही गेलो?

प्रश्न साधारण असा असतो. "तुमचा पुण्याचा फुटबॉल क्लब उठून हैदराबादला गेला. सोलापूर तर बरोबर मध्ये. पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशेच्या वर. तुम्हाला इकडं जा नाहीतर तिकडं जा, रस्ता एकच. खेळाडूही बरेचसे तेच. मग हैदराबादचे व्हा की!"

नातेवाईक विचारतात. रविवारी सकाळी मी ज्या पोरांना फुटबॉल शिकवतो त्यांचे वडील विचारतात. आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारायचे ते आमच्या कारखान्यातले जॉबर, म्हणजे लूम सांभाळणारे, अण्णा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना आहे, मी तिथं हिशेब बघतो. अण्णा सोलापूरच्या पूर्व भागातले. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, निम्मे पाहुणे तेलंगणात. २०१९ च्या पावसाळ्यात बातमी आली, तेव्हा ते लूम बंद करून ऑफिसच्या दारात आले होते. "काय बे, तुझा क्लब आता आमचा झाला की!" आनंद खरा होता त्यांचा. मला मात्र तेव्हा नीट उत्तर देता आलं नव्हतं.

एफसी पुणे सिटी हा क्लब २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबरच जन्मला. पहिल्या आठ संघांतला एक. पहिल्याच वर्षी डेव्हिड त्रेझेगे आला, फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलेला माणूस. पण माझा जीव जडला तो २०१७-१८ च्या हंगामात. मार्सेलिनो आणि एमिलियानो अल्फारो ही पुढची जोडी, मागं विशाल कैथ गोलात, मधे आदिल खान. त्या वर्षी पुणे चौथं आलं आणि पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचलं.

७ मार्च २०१८, बुधवार. बेंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना, बालेवाडीत. मी रजा टाकली, सकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडली. हुतात्मा आम्हा सोलापूरकरांची हक्काची गाडी. कुणी दवाखान्याला निघालेलं असतं, कुणी मुलीला हॉस्टेलवर सोडायला. माझ्या पिशवीत केशरी जर्सी, शेंगाचटणी लावलेल्या दोन कडक भाकऱ्या आणि एक चादर. चादर का, तर बालेवाडीच्या स्टँडमध्ये हिवाळ्याच्या रात्री वारं अंगात शिरायचं. डिसेंबरात एकदा कुडकुडलो, तेव्हापासून चादर बरोबर. मार्चमध्ये थंडी नव्हती तरी नेली, कारण तोवर आमच्या रांगेची ती खूण झाली होती. पिंपरीचे एक काका, त्यांच्या दोन मुली, वाकडहून येणारी तीन-चार आयटीतली पोरं, ढोल वाजवणारा एक कॉलेजचा मुलगा. ही सगळी माणसं मला नावानं कमी आणि 'चादरवाले' म्हणून जास्त ओळखायची. चादर चार खुर्च्यांवर आडवी पसरली की रांग धरली म्हणायचं.

बालेवाडीचं मैदान फुटबॉलसाठी बांधलेलं नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते संकुल उभं राहिलं, त्यामुळे मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक आहे. खेळ लांब दिसतो. कॉर्नर घ्यायला खेळाडू आपल्या बाजूला आला की मगच त्याचा चेहरा कळतो. त्या रात्री गोल झालाच नाही, ०-० सुटलं. तरी नव्वद मिनिटं कुणी बसलं नाही. सामना संपल्यावर पिंपरीच्या काकांची धाकटी मुलगी चादरीची घडी घालून माझ्या हातात देत म्हणाली, "काका, फायनलला पण आणा हं." चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीनं तीन गोल केले, ३-१ हरलो. फायनल आली नाही.

परतीची हुतात्मा संध्याकाळीच सुटलेली असते. रात्रीच्या सामन्यानंतर स्वारगेट गाठायचं, मिळेल ती एसटी पकडायची, भिगवण-टेंभुर्णी डुलक्यांत काढायचं आणि उजाडता उजाडता सोलापुरात उतरायचं. घरी आंघोळ करून साडेनऊला कारखान्यात हजर. असं मी त्या हंगामात सहा वेळा केलं. एकदाही जड वाटलं नाही.

पुढच्या वर्षी क्लब सातवा आला आणि त्यानंतर संपला. मालकांचे दिवस फिरले. लीगमधली जागा नव्या मालकांनी घेतली आणि त्या जागेवर हैदराबाद एफसी उभा राहिला. प्रशिक्षक फिल ब्राऊन तिकडे गेले, मार्सेलिनो गेला, आदिल खान गेला. सगळे आमच्याच हायवेनं गेल्यासारखे.

पण पिंपरीचे काका गेले नाहीत. ते कसे जातील? ढोलवाला पोरगा गेला नाही. ती रांग गेली नाही. गेली ती लीगमधली एक जागा. मालकाला आठ-दहा संघांच्या यादीत मिळालेली जागा. वर्षाला कोट्यवधी रुपये घालायचे, तिकीट आणि जर्सी विकून त्यातलं फारसं परत येत नाही, आणि मालक थकला की जागा दुसऱ्या शहराच्या नावावर चढते. खालच्या स्पर्धेतून जिंकत जिंकत वर यायला तेव्हा वाटच नव्हती. ती पहिल्यांदा उघडली २०२३ मध्ये, पंजाब एफसी आय-लीग जिंकून वर आला तेव्हा. म्हणून मी अण्णांना सांगायचो, "अण्णा, तुम्हाला दुकानाचा गाळा मिळालाय, दुकान नाही." ते म्हणायचे, "गाळा तर गाळा, माल आम्ही भरू."

आणि त्यांनी भरला. पहिल्या हंगामात हैदराबाद तळाला, दहा गुणांवर. मग मानोलो मार्केझ नावाचा स्पॅनिश प्रशिक्षक आला, त्यानं तरुण पोरांवर भिस्त ठेवली. २० मार्च २०२२ ला गोव्यात फातोर्ड्याला अंतिम सामना झाला, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध. अण्णांच्या घरी बसून पाहिला. अठ्ठ्याऐंशिव्या मिनिटापर्यंत हैदराबाद एका गोलनं मागं. अण्णांच्या आई देवघरासमोर जाऊन बसल्या. मग साहिल तावोराचा तो फटका, १-१, आणि पेनल्टीवर गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणीनं तीन अडवल्या. त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात झाला, त्यात भारताकडून खेळलेला. मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या, मनापासून. अण्णा नाचत होते. त्यांनी मला पेढा भरवला आणि विचारलं, "आता तरी?"

तेव्हाही मी नाही म्हणालो. हैदराबादचा राग होता असं कुणी समजू नये. हैदराबादचा फुटबॉल आमच्यापेक्षा केवढा तरी जुना. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच हाताखाली भारतानं १९५१ आणि १९६२ चं आशियाई सुवर्ण जिंकलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. अशा शहराला दुसऱ्याच्या मोडलेल्या घराचा उंबरा कशाला लागावा? त्याला स्वतःचा क्लब हवा होता, स्वतःच्या मातीतला. आणि पुण्यालाही.

पुण्याचं तर विचारूच नका. पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरा, २०१२-१३ ला दुसरा. आय-लीग तेव्हा देशातली सगळ्यांत वरची लीग होती. उत्तम अकादमी होती. २०१५ मध्ये गाशा गुंडाळला. भारत एफसी, एकच हंगाम, २०१५. डीएसके शिवाजीयन्स, दोन हंगाम आय-लीगचे, २०१७ ला बाहेर. मग पुणे सिटी. दहा-बारा वर्षांत एका शहरात चार व्यावसायिक क्लब, आणि चारही नाहीत. त्यातल्या प्रत्येकाची कुणीतरी जर्सी घेतली असेल, कुणाच्या तरी पोरानं भिंतीवर फोटो चिकटवला असेल. मला ह्याचं फार वाईट वाटतं. क्लब हरला तर पुढचा हंगाम असतो. क्लबच गेला तर दर शनिवारी जिथं जायचो तिथं आता कशासाठी जायचं, हे कुणाला विचारणार?

गेल्या वर्षी, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अण्णा पुन्हा ऑफिसच्या दारात आले. या खेपेला लूम बंद केला नव्हता, त्याचा खडखडाट मागं चालूच होता. हैदराबादची जागा दिल्लीला गेली होती. नवं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. सहा वर्षांत दुसऱ्यांदा तीच जागा, तिसरं शहर. अण्णा काही बोलले नाहीत. मी उठून त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा निवत आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तू म्हणत होतास ते आता कळलं बे." मला ते ऐकायचं नव्हतं. माझं खोटं ठरलं असतं तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दिल्लीचे व्हा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. दिल्ली रस्त्यात लागत नाही ना.

मग मी त्यांना कोल्हापूरला नेलं. जानेवारीतली आमची गड्ड्याची जत्रा उलगडल्यावर, एका रविवारी. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालमींचे संघ खेळतात: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची. आपल्या सोलापुरातही तालमी आहेत, शिवजयंतीला, गणपतीला त्यांचा जोर दिसतो. कोल्हापुरात त्यांनी फुटबॉल उचलला आणि पिढ्यान् पिढ्या सोडला नाही. मालक नाही, फ्रँचायझी नाही. पेठेतली माणसं वर्गणी काढतात, पोरांना बूट घेऊन देतात, हरले तर रात्री तालमीच्या कट्ट्यावर बसून भांडतात. भांडणं हातघाईवर येतात तेव्हा मला ते मुळीच आवडत नाही, तेही सांगून ठेवतो. पैसा कमी, मैदानावर धूळ, टीव्हीवर दिसत नाही. पण पेठ उचलून दुसऱ्या गावाला नेता येत नाही. मी रविवारी पोरांना शिकवतो ते ह्याच आशेनं, की सोलापूरच्या एखाद्या तालमीनं कधीतरी आपल्या नावाची जर्सी त्यांच्या अंगावर चढवावी. दोन तालमींच्या पायऱ्या चढून आलोय. एकीनं "बघू" म्हटलंय, तिथं परत जाणार आहे.

शाहू स्टेडियममध्ये आम्ही पोचलो तेव्हा पायऱ्या भरल्या होत्या. ऊन डोक्यावर. मी पिशवीतून चादर काढली, ती जुनीच, कडेनं विरलेली. एका कोपऱ्यात दोघांपुरती जागा होती. शेजारी टोपी घातलेले एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी आधी चादरीकडं बघितलं, मग अण्णांकडं.

"कुठल्या पेठंतलं तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत अण्णांनी सांगितलं, "सोलापूर. पूर्व भाग."

बाबांनी चादरीचं टोक हातात धरून जरा चाचपलं, सरकून जागा केली आणि मैदानाकडं बोट दाखवून अण्णांना सांगू लागले, कुठला पोरगा कुणाचा नातू ते.